मशीन खोटं म्हणण्याआधी

पोरी, दादासाठी साखर मोजायचं मशीन घेतलंस, फार बरं केलंस. आता पुढे काय होणार ते आजच सांगून ठेवते. मशीन एक आकडा दाखवेल, दापोलीच्या लॅबचा कागद दुसरा सांगेल, आणि शेजारचे काका कौतुकाने आपलं मशीन घेऊन ओटीवर येतील, त्यात तिसराच येईल. मग घरात दोन तट पडतील आणि दादा म्हणेल, "सगळंच थोतांड, आण तो फणस इकडे." ती वेळ येण्याआधी आत्याचं ऐक. आकडा चुकतो तेव्हा बहुतेकदा आपले हात, डबीचं झाकण आणि ही आपली खारी, दमट हवा यांनीच घोटाळा केलेला असतो. मशीनचा नंबर त्यानंतर.

१. मशीनच्या आधी पट्ट्यांची चौकशी कर — मशीन एकदाच घ्यायचं, पट्ट्या मात्र कायमच्या, आणि त्या दापोलीच्या मेडिकलमध्ये बारा महिने मिळायला हव्यात. श्रावणात मशीन आहे नि पट्टी नाही, अशी गत होऊ देऊ नकोस.

२. महागाचं तेच खरं असं धरून चालू नकोस — अमेरिकेत डायबेटिस टेक्नॉलॉजी सोसायटीने बाजारातली १८ मशीनं तपासली आणि २०१८ साली निकाल छापला. सरकारी परवानगी सगळ्यांकडे होती, कसाला उतरली फक्त ६, आणि त्या सहांत मोठ्या दुकानांच्या नावावर विकली जाणारी स्वस्त मशीनंही होती.

३. परदेशातून कुणी प्रेमाने मशीन आणलं तर आधी आकड्याशेजारचं एकक वाच — आपल्याकडे मिलिग्रॅममध्ये मोजतात, इंग्लंडात मिलिमोलमध्ये. तिथल्या ७.२ ला १८ ने गुणलंस की आपले १३० होतात. '७' बघून साखर गेली असं समजून कुणी आमरसाची वाटी पुढे ओढायला नको.

४. खोक्यावर किंवा आतल्या कागदावर 'आयएसओ १५१९७' आणि पुढे '२०१३' हे साल शोध — ती या मशीनांची जागतिक कसोटी आहे, आणि तिचं म्हणणं एकदा समजून घेतलंस तर निम्मी भांडणं मिटतील.

ते म्हणणं असं. साखर १०० किंवा त्याहून जास्त असेल तर मशीनचे शंभरातले ९५ आकडे लॅबच्या १५ टक्क्यांच्या आत यायला हवेत. साखर १०० च्या खाली असेल तर १५ अंकांच्या आत. आता हिशेब कर. दादाची खरी साखर २०० असली, तर १७० दाखवणारं मशीनही पास आणि २३० दाखवणारंही पास. म्हणजे काकांचं मशीन आणि आपलं मशीन यांत ६० चा फरक पडला तरी दोन्ही नियमात बसू शकतात. २००३ च्या जुन्या नियमात तर २० टक्क्यांपर्यंत सूट होती. म्हणून १४२ दिसले तर 'एकशे बेचाळीस' म्हणू नकोस, 'एकशेचाळीसच्या आसपास' म्हण. डॉक्टरही आकडा असाच वाचतात.

५. घरात मशीन एकच ठेव, वही एकच ठेव — प्रत्येक मशीनचा कल थोडा वर नाहीतर थोडा खाली असतो. तो कायम एकाच बाजूला राहिला तर साखर चढतेय की उतरतेय हे तरी नीट कळतं. दोन मशीनांचे आकडे एका वहीत मिसळले की तेही कळत नाही.

आता पट्ट्यांकडे ये. आपल्या आंजर्ल्यात खरी काळजी घ्यायची ती इथे. पट्टीच्या टोकावर एंझाइमचा पातळ थर असतो. रक्तातली साखर त्याला भेटली की अगदी बारीक वीज तयार होते आणि मशीन ती मोजतं. एंझाइम म्हणजे प्रथिन, आणि त्याला ओल सोसत नाही. जून ते सप्टेंबर आपल्या घरात काय होतं ते तुला सांगायला नको. मीठ पाझरतं, पापडाला बुरा येतो, काडेपेटी पेटत नाही. त्याच हवेत पट्टी असते.

६. पट्टी काढलीस की त्याच क्षणी झाकण टक्कन लाव, मग बोट टोच — डबीत किंवा तिच्या झाकणात ओल शोषणारी पूड असते. झाकण उघडं राहिलं तर ती पूड डबी सोडून अख्ख्या माजघराची ओल शोषत बसते. उघडं झाकण, वाकडा आकडा.

७. पट्ट्या डबीतून काढून पाकिटात, रुमालात, चष्म्याच्या घरात ठेवू नकोस. जुन्या डबीतल्या उरलेल्या नव्या डबीतही टाकू नकोस — डबीवरचा लॉट आणि तारीख त्याच पट्ट्यांपुरती असते, आणि काही मशीनांना डबीवरचा कोडही जुळवून द्यावा लागतो.

८. डबी फोडलीस की पेनाने तिच्यावर तारीख लिही — छापलेली मुदत बंद डबीची असते. फोडल्यावर बहुतेक डब्या तीन ते सहा महिनेच चालतात, आणि नेमके किती ते डबीवर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं.

९. दादाची साखर आठवड्यातून दोनदाच बघायची असेल तर शंभर पट्ट्यांचा स्वस्त सौदा नको, पंचविसाची डबी घे — उरलेल्या पट्ट्या पावसात मरतात. एकेक पट्टी वेगळ्या पाकिटात मिळत असेल तर चातुर्मासात ती घ्यावी, दोन पैसे जास्त गेले तरी.

१०. डबी फ्रिजमध्ये ठेवू नकोस — थंडगार डबी आपल्या हवेत उघडली की आत दव धरतं.

११. चुलीजवळ, मोरीजवळ, खिडकीच्या चौकटीवर आणि स्कूटरच्या डिकीतही नको — बहुतेक डब्यांवर ३० अंशांची मर्यादा छापलेली असते, आणि वैशाखातल्या दुपारी आपल्याकडे पारा त्याच्या वरच असतो. माजघरातल्या फडताळाचा खालचा कप्पा बरा, कारण घरातली सर्वांत गार, कोरडी जागा तीच.

१२. आगोटीची बेगमी करताना मीठ-मिरचीच्या यादीत एक बंद डबी, सुया आणि मशीनचा नाण्याएवढा सेल लिहून टाक — ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा झाडं रस्त्यावर आडवी होती आणि लाईट कित्येक दिवस नव्हती. दापोलीला जाता येत नव्हतं म्हणून कुणाची साखर थांबली नव्हती.

१३. सेल बदललास की मशीनचं घड्याळ लगेच लाव — नाहीतर पहाटेचा आकडा रात्रीच्या नावावर पडतो आणि डॉक्टर रात्रीची गोळी वाढवतात.

हात. हा सगळ्यात सोपा मंत्र आणि सगळ्यात जास्त मोडला जाणारा.

१४. साबण-पाण्याने हात धुऊन, कोरड्या पंच्याने पुसून मगच टोच — एका मायक्रोलिटरच्या थेंबात, साखर १०० असेल तर, ग्लुकोज असतं ग्रॅमचा दहा लाखावा भाग. बोटावर तेवढंच बाहेरचं चिकटलेलं असलं की आकडा थेट दुप्पट.

याचा आपल्याकडचा अर्थ काय ते बघ. दादा सकाळी आगरातून येतो. वाटेत एखादा रायवळ चोखून झालेला असतो, पंच्याने बोटं पुसलेली असतात आणि बोटं दिसायला स्वच्छ असतात. मशीन २६० दाखवतं आणि घर घाबरतं. जपानी डॉक्टरांनी २०११ साली हेच करून पाहिलं होतं. मधुमेह नसलेल्या माणसांना संत्री, द्राक्षं, किवी सोलायला दिली आणि त्याच बोटांतून साखर मोजली. आकडे भलतेच चढले. स्पिरिटच्या बोळ्याने बोट पुसूनही चढेच राहिले. नळाच्या पाण्याने हात धुतल्यावर मात्र खरे आले. म्हणून स्पिरिटवर विसंबू नकोस, पाणी हवं. आंबापोळी वाळत घालताना, फणस चिरताना, माघी उत्सवात प्रसादाचे गुळाचे हात असताना तर दोनदा धू. आंबा बोटाला, साखर मशीनला.

१५. धुतलेलं बोट कोरडं झालं पाहिजे, स्पिरिट लावलं असेल तर ते उडून गेलं पाहिजे — ओल्या बोटावर थेंब पसरतो, पाण्यात मिसळतो आणि आकडा खाली येतो.

१६. धुवायला पाणीच नसेल, एस.टी.त किंवा खाडीपलीकडे कुठे असशील, तर पहिला थेंब कापसाने पुसून दुसरा वापर — बोटावरचं चिकटलेलं बरंचसं पहिल्या थेंबाबरोबर जातं.

१७. हर्णैच्या बंदरावरून बर्फातली मासळी हाताळून आलेल्या बाईची साखर लगेच मोजू नये — गारठलेल्या बोटात रक्त फिरत नाही. कोमट पाण्याने हात धुऊन ते खाली सोडून बसवावं, मग टोचावं.

१८. बोटाच्या मध्यावर टोचू नकोस, कडेला टोच आणि दर वेळी बोट बदल — मध्यावर नसांची टोकं जास्त, तिथे दुखतं, आणि दुखलं की माणूस मोजायचंच सोडतो.

१९. टोचून झाल्यावर टोक पिळू नकोस. हात खाली सोड, तळव्याकडून टोकाकडे हलकेच चोळ — जोराने पिळलं की रक्ताबरोबर मांसातलं पाणीही येतं. पिळून काढलेला थेंब आणि दटावून घेतलेली कबुली, दोन्हींवर विश्वास ठेवू नये.

२०. थेंब पुरेसा झाला की पट्टी त्याला लाव, पट्टीवर रक्त फासू नकोस — पट्टी आपल्याला हवं तेवढंच ओढून घेते. कमी पडलं म्हणून वरून दुसरा थेंब द्यायचा की नाही ते त्या पट्टीच्या कागदावर लिहिलेलं असतं. लिहिलेलं नसेल तर ती पट्टी गेली म्हणायची आणि नवी घ्यायची.

२१. आकडा पटला नाही तर भांडू नकोस, हात पुन्हा धू, दुसरं बोट, नवी पट्टी — दोन आकडे दहा-पंधराने इकडेतिकडे असले तर काही बिघडलेलं नाही.

२२. मशीनबरोबर येणारं किंवा वेगळं मागवावं लागणारं कंट्रोल सोल्युशन घरात असू दे — त्यात किती साखर आहे ते आधीच ठरलेलं असतं. पट्टीवर त्याचा थेंब घातला की डबीवर छापलेल्या दोन आकड्यांच्या मध्ये उत्तर यायला हवं. नवी डबी फोडलीस, मशीन हातातून पडलं, किंवा पावसात शंका आली, की हे कर. मेडिकलवाला म्हणेल "ते कोणी मागत नाही", तरी मागव. त्याची बाटलीही फोडल्यावर साधारण तीन महिनेच चालते, तिच्यावरही तारीख.

आता लॅब. सगळ्या घराचा कौल लॅबच्या कागदाकडे असतो, आणि लॅबचं मशीन आपल्यापेक्षा चांगलं असतं हे खरंच. पण तुलना करताना लोक चुकतात ते इथेच, म्हणून हे सावकाश वाच.

२३. तुलना करायची तर उपाशीपोटीच कर — उपाशी असताना बोटातली आणि शिरेतली साखर जवळजवळ सारखी असते. जेवणानंतर बोटातली जास्त असते, कारण ते रक्त अजून अंगात साखर वाटायला निघालेलं असतं आणि शिरेतलं वाटून परत आलेलं. हा फरक २० पासून ७० पर्यंत जातो, आणि तो मशीनचा दोष नव्हे.

२४. मशीन घेऊन लॅबमध्ये जा आणि शिरेतलं रक्त काढल्यावर पाच-दहा मिनिटांत तिथेच बोट टोच — सकाळी सहाला आंजर्ल्यात मोजलेलं आणि नऊला दापोलीत दिलेलं, या दोन वेगवेगळ्या साखरा आहेत. मधे घाटाचा प्रवास, एक चहा आणि रांगेतली चिडचिड झालेली असते.

२५. लॅबचा मुलगा घरी येऊन रक्त घेऊन गेला असेल तर त्या कागदाशी मशीन ताडू नकोस — नळीतल्या तांबड्या पेशी जिवंत असतात आणि त्या साखर खात राहतात.

तासाला पाच ते सात टक्के खातात, उन्हात आणखी जास्त. दादाची साखर खरी १४० असेल आणि नळी तीन तासांनी लॅबमध्ये पोचली, तर कागदावर ११५-१२० सुद्धा येऊ शकतात. घरच्या मशीनने १४५ दाखवले होते. आता सगळे म्हणणार मशीन जास्त दाखवतं, आणि खरं तर बरोबर तेच होतं! साखरेसाठी फ्लोराइड घातलेली, राखाडी बुचाची नळी वापरतात ती पेशींचं खाणं थांबवायला. पण फ्लोराइडलाही काम सुरू करायला तासभर लागतो, तोवर गळती चालूच असते. म्हणून लॅबमध्ये जाऊन रक्त दे, आणि नळी लगेच फिरवून प्लाझ्मा वेगळा करतात का ते नम्रपणे विचार. चांगला लॅबवाला रागावत नाही, उलट खूश होतो.

२६. फरक असा काढ: दोन्हींची वजाबाकी, तिला १०० ने गुण, लॅबच्या आकड्याने भाग — लॅब १२६, मशीन १३९, फरक १३, म्हणजे साधारण १० टक्के, मशीन ठीक. लॅब १८८ आणि मशीन २३१ असेल तर २३ टक्के, इथे थांबून विचार कर.

२७. पण एका सकाळच्या आकड्यावरून मशीनला काढून टाकू नकोस — नियमातच शंभरातले पाच आकडे बाहेर पडायची मुभा आहे. कंट्रोल सोल्युशन घाल, नवी डबी फोड, पुढच्या वेळी पुन्हा ताड. सलग तीनदा एकाच बाजूला लांब गेलं तर मग कंपनीच्या ग्राहक क्रमांकावर फोन करून बदलून माग.

२८. लॅबच्या नळीतलं रक्त आपल्या पट्टीवर घालून बघायचा हुशारपणा नको — बहुतेक घरगुती पट्ट्या बोटाच्या ताज्या रक्तासाठी जुळवलेल्या असतात, आणि नळीतलं फ्लोराइड पट्टीच्या कामात ढवळाढवळ करतं.

२९. शेजारच्या काकांशी ताडायचंच असेल तर एकाच बोटाचा एकाच वेळचा थेंब दोन्ही पट्ट्यांना द्या — त्यांची साखर त्यांच्या बोटातून आणि दादाची दादाच्या बोटातून मोजून मशीनं कशी ताडता येतील? सुई मात्र ज्याची त्याला. एकाची सुई दुसऱ्याला लावली की कावीळ आणि त्याहून वाईट रोग घरात येतात.

काही वेळा मशीन, पट्टी, हात सगळं नीट असतं आणि रक्तच वेगळं असतं.

३०. घरातल्या बाईचं हिमोग्लोबिन कमी असेल तर मशीनच्या चढ्या आकड्यावर लगेच विश्वास ठेवू नकोस — तांबड्या पेशी कमी असल्या की पट्टी साखर जास्त दाखवते. उलट, उन्हात राबून किंवा जुलाबांनी अंगातलं पाणी गेलं की रक्त दाट होतं आणि आकडा खोटाच कमी येतो, म्हणून आजारपणात चांगल्या आकड्याने निश्चिंत होऊ नये.

३१. क जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्रेच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना सांग — बऱ्याच पट्ट्यांना ते साखरेसारखंच भासतं. आणि कुणाचं पोटातून डायलिसिस चालू असेल तर पट्टी डॉक्टरांना विचारूनच घ्यावी. काही जुन्या जातीच्या पट्ट्या त्या द्रावापासून अंगात तयार होणारी माल्टोज साखर ग्लुकोज म्हणून मोजायच्या. त्यातून मृत्यूही झाले, आणि अमेरिकेच्या औषध खात्याने २००९ साली तसा इशारा दिला.

३२. मुंबईच्या पुतण्याने दंडावर चिकटवायचा सेन्सर आणला तर त्याचा आकडा जेवल्यावर लगेच बोटाशी ताडू नकोस — तो रक्त मोजत नाही, कातडीखालचं पाणी मोजतो, आणि तिथे साखर पाच-पंधरा मिनिटं उशिरा पोचते.

३३. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीएवनसी तपासणी आणि आपली वही शेजारी ठेव — ७ टक्के म्हणजे सरासरी साधारण १५४, ९ टक्के म्हणजे २१२ च्या घरात. वहीत सगळे १२० आणि कागदावर ९ असेल, तर बहुधा जेवणानंतरची साखर कुणी मोजतच नाही. दादाला पहाटेची साखर मोजायला आवडतं, कारण ती चांगली येते. भात-मासे झाल्यावर दोन तासांनी त्याला धर.

३४. आकड्यापुढे वेळ, आणि काय खाल्लं ते दोन शब्दांत लिही — डॉक्टरांना त्याचाच उपयोग. घरच्या घरी साखर मोजायची रीत पाडली तीही एका रोग्यानेच. १९७० च्या सुमारास अमेरिकेत पहिलं मशीन आलं ते डॉक्टरांनाच विकत. रिचर्ड बर्नस्टीन नावाच्या मधुमेही इंजिनियरने डॉक्टर बायकोच्या नावावर ते मागवलं, दिवसातून अनेकदा मोजून वही भरली आणि आपली साखर ताब्यात आणली. पुढे तो स्वतःच डॉक्टर झाला.

३५. एका आकड्यावरून गोळी किंवा इन्सुलिन आपल्या मनाने बदलू नकोस — तीन-चार दिवसांचा कल बघून डॉक्टरांना फोन कर, तो बदल त्यांनी करायचा.

३६. पण दादाला दरदरून घाम सुटला, हात कापू लागले, बोलणं बरळल्यासारखं झालं, तर मशीन काहीही म्हणो, तीन चमचे साखर पाण्यात घालून आधी पाज — साखर थोडी चढली तर उद्या उतरवता येते, फार उतरली तर माणूस हातचा जातो. आधी साखर, मग गणित. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काही घालू नकोस, गाडी काढ आणि दापोलीचं उपजिल्हा रुग्णालय गाठ.

३७. पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजशील तेव्हा त्याचे हात आधी धू — साखरपाण्याचा पेला त्याने त्याच बोटांनी धरलेला असतो, आणि बोटावरची साखर मोजून 'आला बाबा वर' म्हणत सगळे झोपायला जातात.

३८. उलट्या होत असताना आकडा ३०० च्या वर गेला, किंवा मशीनवर नुसतं 'हाय' आलं, तर एकदा हात धुऊन पुन्हा बघ आणि तसंच असेल तर मशीन बरोबर की चूक याचा खल न करता डॉक्टरांकडे जा — तो वाद परत आल्यावर घालता येईल.

३९. वापरलेल्या सुया जाड प्लास्टिकच्या बाटलीत साठव, बूच घट्ट लाव आणि दवाखान्यात विचारून त्यांच्या कचऱ्यात दे — आगरात टाकलेली सुई सुपाऱ्या वेचणारीच्या हातात जाते, आणि समुद्राकडे टाकलेली त्याच वाळूत येते जिथे फाल्गुनात कासवाची पिल्लं बघायला पोरं अनवाणी धावतात.